‘त्यू’ की ‘वू’?

१८ जून २०१८. पॅरिसच्या पश्चिमेला मों-व्हालेरियां नावाची टेकडी आहे. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी तिथे हजाराहून अधिक क्रांतिकारकांना आणि ओलिसांना गोळ्या घातल्या. जनरल द गोल यांनी १९४० साली याच तारखेला लंडनहून रेडिओवर लढत राहण्याचं आवाहन केलं होतं, म्हणून दरवर्षी त्या टेकडीवर सरकारी मानवंदना होते. २०१८ साली मानवंदना संपल्यावर राष्ट्राध्यक्ष इमॅन्युएल मॅक्रॉन कठड्यापलीकडच्या लोकांशी हात मिळवत चालले होते. शाळकरी मुलांच्या घोळक्यातून एक आवाज आला, ‘सा व्हा, मान्यू?’ इमॅन्युएलचं लाडाचं रूप मान्यू. ‘काय मन्या, बरंय ना?’ अशा थाटाचा प्रश्न.

मॅक्रॉन थबकले आणि कॅमेऱ्यांच्या साक्षीने त्यांनी त्या पोराला झापलं. हा सरकारी कार्यक्रम आहे, नीट वाग; मला ‘राष्ट्राध्यक्ष महोदय’ म्हणायचं, नाहीतर ‘मस्यू’, म्हणजे ‘साहेब’. ती चित्रफीत दोन दिवसांत देशभर फिरली. राष्ट्राध्यक्षांनी बरं केलं म्हणणारे आणि एका पोराला एवढं काय लावून धरायचं म्हणणारे, असे दोन तट पडले.

या प्रसंगातली खरी गंमत मात्र पटकन लक्षात येत नाही. त्या मुलाच्या वाक्यात ‘तू’ही नव्हतं आणि ‘तुम्ही’ही नव्हतं. ‘सा व्हा?’ म्हणजे नुसतं ‘बरं चाललंय?’. त्यात समोरच्या माणसासाठी सर्वनामच नाही. उलट राष्ट्राध्यक्षांनी त्याला जे सुनावलं ते सगळं एकेरीत होतं. चाळिशीतला माणूस शाळकरी मुलाला अरेतुरे करतो याबद्दल मात्र फारशी कुणाची तक्रार नव्हती.

फ्रेंचमध्ये समोरच्या एका माणसासाठी दोन सर्वनामं आहेत. ‘त्यू’ म्हणजे तू. ‘वू’ म्हणजे तुम्ही. माणसं अनेक असली तरी ‘वू’ आणि एकच असून त्याला तुम्ही म्हणायचं असलं तरी ‘वू’च. दुसऱ्या अर्थाने वापरताना क्रियापद अनेकवचनी होतं, विशेषण मात्र एकाच माणसाचं असल्यामुळे एकवचनीच राहतं. अरेतुरे करण्याला ‘त्युत्वाये’ आणि अहोजाहो करण्याला ‘वुव्वाये’ अशी स्वतंत्र क्रियापदं आहेत, आणि ती रोजच्या बोलण्यात सतत येतात. कारण कुणाला कोणतं लावायचं याची चर्चा फ्रेंच माणूस उघडपणे करतो. मराठीत आपण ती मनातल्या मनात करतो.

मुंबई-पुण्यात फ्रेंच शिकायला बसणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला हा धडा सोपा वाटतो. इंग्रजी माध्यमातून शिकलेल्या अमेरिकन मुलाला ज्याची धास्ती वाटते, ते आपल्या घरचंच. तू आहे, तुम्ही आहे, शिवाय ‘आपण’ नावाचा एक मजला वर आहे. पण सोपं वाटतं तिथेच पाय घसरतो. मराठीतली वाटणी बरीचशी नात्यावर आणि वयावर ठरते, आणि ती एकतर्फी चालते. आजोबा नातवाला तू म्हणतात, नातू आजोबांना तुम्ही म्हणतो, आणि त्यात कुणाला वावगं वाटत नाही. एकाच घरात आईला ‘अगं’ आणि वडिलांना ‘अहो’ असतं. आजच्या फ्रेंच घरात आई, वडील, आजी, आजोबा, आत्या, मामा सगळ्यांना सरसकट ‘त्यू’. आजोबांना ‘वू’ म्हणणारी मुलं फार जुन्या वळणाच्या, सरदारी किंवा कर्मठ कॅथलिक घराण्यांत उरली आहेत, आणि तिथे आईलाही तेच चालतं.

घराबाहेर पडलं की हिशेब उलटतो. बेकरीवाली, टॅक्सीवाला, शेजारी, डॉक्टर, हॉटेलातला वाढपी, सगळे ‘वू’. बेकरीवाली विशीतली असो आणि गिऱ्हाईक साठीचं, दोघांनीही ‘वू’च म्हणायचं. मुंबईच्या उडप्याकडे ‘ए छोटू, पाणी आण’ म्हणणारा इसम पॅरिसच्या कॅफेत त्याच सुरात बोलला, तर पाणी येणार नाही. वाढप्याला ‘वू’ म्हणण्यात त्याच्या वयाचा किंवा हुद्द्याचा मान राखण्याचा प्रश्न नसतो. ‘आपली ओळख नाही’ एवढीच वस्तुस्थिती त्यात नोंदलेली असते. ही नोंद दोन्ही बाजूंनी सारखी असावी लागते. मोठ्या माणसांमध्ये एक जण ‘त्यू’ आणि दुसरा ‘वू’ बोलत असेल, तर काहीतरी बिघडलं आहे असं ऐकणाऱ्याला लगेच कळतं.

‘वू’वरून ‘त्यू’वर कसं यायचं, यालाही रीत आहे. सरळ विचारायचं: ‘ऑं स त्युत्वा?’, आपण एकमेकांना तू म्हणू या का? विचारण्याचा अधिकार वयाने किंवा हुद्द्याने मोठ्या असलेल्याचा, आणि जुन्या रीतीप्रमाणे पुरुष आणि स्त्री असतील तर स्त्रीचा. एकदा ‘त्यू’वर आलं की परत ‘वू’वर जाणं जवळजवळ अशक्य, गेलात तर भांडण झालं असंच मानलं जातं. समाजवादी पक्षात कार्यकर्त्यांनी एकमेकांना ‘त्यू’ म्हणायची परंपरा आहे. तिथे एका जुन्या सहकाऱ्याने पक्षाचे नेते फ्रान्स्वा मित्तराँ यांना विचारलं, ‘आपण एकमेकांना तू म्हणायचं का?’ मित्तराँ उत्तरले, ‘तुम्हाला हवं तसं.’ हा किस्सा फ्रान्समध्ये इतक्यांदा सांगितला गेला आहे की आता त्याच्या खरेपणाची कुणी चौकशी करत नाही. नकार द्यायचा आणि एकही नकारार्थी शब्द वापरायचा नाही, अशी ती युक्ती. ज्यांना एवढं सफाईदार जमत नाही त्यांच्यासाठी भाषेने एक ठसकेबाज वाक्य ठेवलं आहे: ‘आपण काही एकत्र डुकरं राखलेली नाहीत.’ सलगी करू पाहणाऱ्या उपऱ्याला हे ऐकवलं जातं.

आता या सगळ्याला छेद देणारी माणसं. राष्ट्राध्यक्ष जाक शिराक आणि त्यांच्या पत्नी बेर्नादेत आयुष्यभर एकमेकांना ‘वू’ म्हणत. सरदार घराण्यातल्या बेर्नादेतबाईंच्या बाबतीत ते समजण्यासारखं आहे. पण लग्नसंस्थेलाच लाथ मारणारे, सगळ्या मध्यमवर्गीय रीतींची रेवडी उडवणारे तत्त्वज्ञ झाँ-पोल सार्त्र आणि सिमोन द बोव्हुआर? त्यांची साथ १९२९ पासून १९८० साली सार्त्र वारले तोपर्यंत, आणि ती सगळी ‘वू’मध्ये. जवळिकीचा पुरावा म्हणून सर्वनामाकडे पाहणाऱ्यांनी या जोडीपाशी क्षणभर थांबावं.

देवाचंही एक प्रकरण आहे. मराठी भक्ताने देवाला कधी अहोजाहो केलं नाही. विठ्ठलाला एकेरी हाक मारायची, वर त्याच्याशी भांडायचं. फ्रेंच कॅथलिक मात्र ‘आमच्या बापा’ ही येशूने शिकवलेली प्रार्थना पिढ्यानपिढ्या ‘वू’ लावून म्हणत आले. प्रॉटेस्टंटांचा देव ‘त्यू’ होता. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर १९६६ साली सर्व पंथांना चालेल असा एक पाठ ठरला आणि कॅथलिकांनाही देवाला ‘तू’ म्हणायला सांगण्यात आलं. लहानपणापासून घोकलेली प्रार्थना एका वर्षात एकेरीवर आली, तेव्हा बऱ्याच म्हाताऱ्या कॅथलिकांना ते उद्धट वाटलं. जुन्या लॅटिन विधीला चिकटून राहिलेले गट आजही ‘वू’च म्हणतात.

रंगभूमीवर या दोन शब्दांचा सर्वांत जबरदस्त वापर कुणी केला असेल तर तो रासीनने. त्याचं ‘फेद्र’ हे नाटक १६७७ साली पहिल्यांदा झालं. राणी फेद्र आपल्या सावत्र मुलावर, इप्पोलितवर, प्रेम करते आणि ते दडपून ठेवते. दुसऱ्या अंकात ती त्याच्याशी बोलू लागते ते दरबारी ‘वू’मध्ये. बोलता बोलता बांध फुटतो, आणि ज्या ओळीत तो फुटतो त्याच ओळीत ‘वू’चं ‘त्यू’ होतं. नटीने आवाज चढवला नाही तरी प्रेक्षागृहाला कळतं की आता माघार नाही. इंग्रजी अनुवादकांना इथे हात चोळत बसावं लागतं. मराठी अनुवादकाला हे स्थळ जवळजवळ फुकटात मिळेल.

एका माणसाला अनेकवचन लावायची ही प्रथा आली कुठून? नेहमी सांगितली जाणारी कथा चौथ्या शतकातल्या रोमन साम्राज्याची. साम्राज्याला पूर्वेला एक आणि पश्चिमेला एक असे दोन सम्राट झाले, एकाशी बोलणं म्हणजे दोघांशी बोलणं, म्हणून लॅटिनमधलं अनेकवचनी ‘वोस’ सम्राटाला चिकटलं आणि तिथून खाली झिरपत गेलं. कथा छान आहे, पण आपल्याकडेही दोन सम्राट नसताना ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ निर्माण झालेच, तेव्हा तिच्यावर सगळा भार टाकू नये. अधिक भरवशाचं विवेचन १९६० सालचं आहे. रॉजर ब्राउन आणि अल्बर्ट गिलमन या दोन अमेरिकन अभ्यासकांनी त्या वर्षी युरोपीय भाषांतल्या सर्वनामांवर एक निबंध लिहिला, आणि तो अजूनही या विषयाचा पाया मानला जातो. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: जुन्या काळी ही सर्वनामं सत्तेची होती. मालक नोकराला ‘त्यू’ म्हणे, नोकर मालकाला ‘वू’. पुढे हळूहळू सत्तेची जागा जवळिकीने घेतली. दोघं जवळचे असतील तर दोघंही ‘त्यू’, लांबचे असतील तर दोघंही ‘वू’.

हे ‘हळूहळू’ फ्रान्सला एकदा फारच सावकाश वाटलं होतं. राज्यक्रांतीच्या काळात ‘मस्यू’ आणि ‘मादाम’ची हकालपट्टी होऊन ‘नागरिक’ आणि ‘नागरिका’ आले होते. मग ‘वू’ तरी कशाला? ते तर सरंजामशाहीचं पिल्लू. १७९३ च्या ऑक्टोबर अखेरीस पॅरिसच्या लोकसमित्यांचं एक शिष्टमंडळ राष्ट्रीय परिषदेपुढे, कन्व्हेन्शनपुढे, गेलं आणि सर्व प्रजासत्ताकवाद्यांनी एकमेकांना ‘त्यू’च म्हणावं असा हुकूम काढा, अशी मागणी केली. यामुळे गर्व कमी होईल, भेद मिटतील, बंधुभाव वाढेल, असा त्यांचा युक्तिवाद. परिषदेने कौतुक केलं, पण सर्वांवर सक्ती करणारा कायदा काही केला नाही. तशी गरजही उरली नाही. सार्वजनिक सुरक्षा समितीची पत्रं ‘त्यू’मध्ये जाऊ लागली, सरकारी कचेऱ्यांत ‘त्यू’ रुळलं, आणि गिलोटिन चालू असलेल्या शहरात ‘वू’ म्हणून स्वतःवर संशय ओढवून घेण्याची हौस कुणाला असणार? १७९४ च्या उन्हाळ्यात क्रांतीचा नेता रोबेस्पिएर गेला, दहशतीचं राज्य सरलं, आणि ‘वू’ परत आलं. ‘नागरिक’ त्यानंतर काही वर्षं तग धरून होता. नेपोलियनच्या दरबारात तर ‘नागरिक’ आणि सरसकट ‘त्यू’, दोन्हींचा प्रश्नच नव्हता.

क्रांतिकारकांचा तर्क साधा होता: सगळ्यांना एकच सर्वनाम लावलं की समता येईल. तर्कात चूक नव्हती. त्यांनी निवडलेलं सर्वनाम मात्र त्यानंतरच्या दीडशे वर्षांत भलत्याच कामाला जुंपलं गेलं. फ्रेंच आणि बेल्जियन वसाहतींत गोरा माणूस स्थानिक माणसाला, मग तो शिक्षक असो की म्हातारा मुखिया, सर्रास ‘त्यू’ म्हणे. उलट बाजूने ‘वू’च यायला हवं असे.

३० जून १९६०. लिओपोल्डव्हिल, म्हणजे आजचं किन्शासा. बेल्जियमच्या ताब्यातला काँगो त्या दिवशी स्वतंत्र होत होता. राजे बोदुआँ यांनी भाषणात आपल्या घराण्यातले राजे लिओपोल्ड दुसरे यांच्या कर्तृत्वाचे गोडवे गायले. नव्या देशाचे पंतप्रधान पॅट्रिस लुमुंबा यांचं नाव वक्त्यांच्या यादीत नव्हतं. ते तरीही उठले आणि राजासमोर त्यांनी वसाहतीच्या जखमा एकेक करून मोजल्या: पोट न भरणाऱ्या मजुरीतलं कष्टाचं काम, हिसकावलेल्या जमिनी, मारहाण, तुरुंग. त्याच यादीत त्यांनी एक सर्वनाम घातलं. काळ्या माणसाला ‘त्यू’ म्हटलं जायचं, ते मित्र म्हणून नव्हे, तर सन्मानाचं ‘वू’ फक्त गोऱ्यांसाठी राखून ठेवलेलं होतं म्हणून. हे कोण विसरेल, असा त्यांचा सवाल होता. बाहेरच्या माणसाला वाटेल, फटक्यांच्या आणि तुरुंगाच्या यादीत हे काय! ज्याला गावच्या पाटलाने, सावकाराने किंवा साहेबाने जन्मभर ‘अरे ए’ म्हणून हाक मारली आहे, त्याला समजावून सांगावं लागणार नाही. पुढच्या जानेवारीत लुमुंबांची हत्या झाली. त्यांचं ते भाषण मात्र फ्रेंच बोलणाऱ्या आफ्रिकेत आजही माहीत आहे.

ही जखम खुद्द फ्रान्समध्येही भळभळते आहे. शहरांच्या कडेच्या वस्त्यांत, जिथे उत्तर आफ्रिकेतून आणि सहाराच्या दक्षिणेकडून आलेल्यांची मुलं-नातवंडं राहतात, तिथल्या तरुणांची पोलिसांबद्दलची एक जुनी तक्रार आहे. ओळखपत्र मागताना आम्हाला ‘त्यू’ म्हणतात. श्रीमंत वस्तीतल्या गोऱ्या तरुणाला अडवलं तर त्याला ‘वू’ मिळतं. १ जानेवारी २०१४ पासून पोलीस आणि जांदार्म, म्हणजे लष्करी पोलीस, यांच्यासाठी नवी आचारसंहिता लागू झाली. लोकांशी सौजन्याने वागायचं आणि ‘वू’ वापरायचं, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. नियम रस्त्यावर किती पाळला जातो यावर वाद चालूच आहे. पण काळाची उलथापालथ पाहण्यासारखी आहे. १७९३ साली समतेच्या नावाने मागणी होती, सगळ्यांना ‘त्यू’ म्हणा. २०१४ चा नियम समतेच्याच नावाने सांगतो, सगळ्यांना ‘वू’ म्हणा. शब्द बदलला, मागणी तीच राहिली: जे त्याला ते मला.

‘त्यू’ तेवढ्यावर हटलेलं नाही. १९६८ च्या मे महिन्यातल्या विद्यार्थी उठावानंतर विद्यापीठांत, संघटनांत, पत्रकारांत ते झपाट्याने पसरलं. सहकारी शिक्षक एकमेकांना पहिल्या दिवसापासून ‘त्यू’ म्हणतात. एकोल पोलितेक्निक या अभियांत्रिकी संस्थेचे माजी विद्यार्थी एकमेकांना ‘त्यू’ म्हणतात, मग एक पंचविशीचा आणि दुसरा मोठ्या कंपनीचा निवृत्त अध्यक्ष का असेना. आल्प्समध्ये तर म्हणतात, एका उंचीच्या वर गेलं की ‘वू’ खालीच राहतं. एका दोराला बांधलेली माणसं अहोजाहो करत नाहीत.

नव्या कंपन्यांतलं ‘त्यू’ मात्र जरा तपासून घ्यावं असं आहे. तिथे मुलाखतीपासूनच अरेतुरे सुरू होतं, मालक स्वतःला पहिल्या नावाने हाक मारायला लावतो, आणि ‘आपण सगळे एक कुटुंब’ची फोडणी पडते. पण रात्री आठ वाजता ‘हे जरा करून दे ना’ म्हणणाऱ्या ‘त्यू’ला नकार देणं, ‘हे कराल का?’ म्हणणाऱ्या ‘वू’ला नकार देण्यापेक्षा कितीतरी अवघड. अंतर ठेवलेलं असलं की मधे पाय टेकायला जागा असते. म्हणूनच कचेरीतल्या सक्तीच्या ‘त्यू’वर कुरकुर करणारे सगळेच म्हातारे नसतात.

राजकारण्यांत निकोला सार्कोझी ‘त्यू’ फेकण्यात पटाईत होते. २३ फेब्रुवारी २००८ रोजी पॅरिसच्या कृषी प्रदर्शनात गर्दीतून हात मिळवत जाताना एका माणसाने त्यांना, मला हात लावू नकोस, मी विटाळेन, अशा अर्थाचं काहीतरी सुनावलं. राष्ट्राध्यक्षांनी तिथल्या तिथे शिवी देऊन ‘चालता हो’ म्हटलं. दोन्हीकडून ‘त्यू’. मराठीत ज्याला प्रकरण एकेरीवर येणं म्हणतात, त्याचं याहून नेमकं उदाहरण सापडणं कठीण. आणि दोघंही एकेरीवर आल्यामुळे, व्याकरणापुरती का होईना, त्यात बरोबरी होती.

अटलांटिकपलीकडे, कॅनडाच्या क्वेबेकमध्ये वेगळीच हवा आहे. तिथे दुकानदार अनोळखी गिऱ्हाइकाला सहज ‘त्यू’ म्हणतो. पॅरिसहून आलेला प्रवासी पहिले दोन दिवस दुखावतो, तिसऱ्या दिवशी त्याला मोकळं वाटू लागतं. अनेक शाळांत मुलं शिक्षकांनाही ‘त्यू’ म्हणत आणि नावाने हाक मारत. २०२५ च्या मे महिन्यात शिक्षणमंत्री बर्नार द्रेनव्हिल यांनी जाहीर केलं की जानेवारी २०२६ पासून शाळांत शिक्षकांना ‘वू’ म्हणणं, आणि त्यांच्या नावाआधी ‘मस्यू’ किंवा ‘मादाम’ लावणं सक्तीचं होईल. वर्गातली दांडगाई आणि शिवीगाळ कमी व्हावी हा हेतू. पाठिंबा भरपूर मिळाला, शंकाही निघाल्या: ‘वू’ लावून शिवी देता येत नाही असं कुणी सांगितलं? शंका रास्त आहे. फ्रेंच माणूस अतिशय थंडपणे, एकेक अक्षर सुटं करत ‘वू’ म्हणतो, तेव्हा तो ‘त्यू’पेक्षा कितीतरी जास्त घाव घालत असतो.

रोजच्या जगण्यात सगळ्यांत जास्त छळ होतो तो सासुरवाडीत. जोडीदाराच्या आईवडिलांना काय म्हणायचं? ‘वू’ म्हटलं तर परकेपणा, आपण होऊन ‘त्यू’ म्हटलं तर आगाऊपणा. हक्क त्यांचा, पण ते विचारायचंच विसरतात, किंवा आपण विचारलंय असं धरून चालतात. मग जावई किंवा सून वर्षानुवर्षं सर्वनाम टाळून बोलत राहते. ‘तुम्हाला कॉफी हवी का?’ ऐवजी ‘कॉफी उरली आहे अजून’. ‘तुम्ही कधी निघताय?’ ऐवजी ‘गाडी किती वाजता आहे?’ ‘सा व्हा?’ तर या कामासाठीच जणू तयार झालं आहे. सासू-सासरे दोघंही समोर बसलेले असतील तर प्रश्नच मिटतो, कारण दोन माणसांना ‘वू’च लागतं आणि त्यातून कुणी काही अर्थ काढू शकत नाही. पंचाईत होते ती सासरे वाइनची बाटली आणायला तळघरात उतरल्यावर.